कापलेल्या नळीचे मोल

१/
जुन्या बंदुकांच्या बाजारात एक वाक्य उच्चारले की चर्चा संपते : ‘ही मूळ राहिलेली नाही.’ नळी आखूड केलेली असो, दस्ता बदललेला असो वा जुन्या पोलादावर नवी काळी झिलई चढवलेली असो, त्या एका वाक्याने बंदुकीची किंमत कोसळते आणि तिच्याविषयीचे कुतूहलही संपते. किंमत कोसळण्यामागे काही रास्त कारणे आहेत. कुतूहल संपण्यामागे एकही नाही. तरीही इतिहासाची आवड असलेली तरुण मंडळी व्यापाऱ्याचा हा निकाल इतिहासाचा निकाल म्हणून बिनदिक्कत वापरतात. हा धागा त्या सवयीविरुद्ध आहे.

२/
एक उदाहरण केवळ गृहीत धरावे. जव्हार तालुक्यातील वांगणीसारख्या गावात, एका शेतकरी घरात, वारसाने आलेली परवान्याची दुनळी बारा बोअर बंदूक आहे. बनावट बर्मिंगहॅमची, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची. नळ्या मुळात ३० इंची. स्वातंत्र्यापूर्वी कधीतरी कापून २४ इंची केलेल्या. दस्ता मोडला होता, तो पितळी पत्रा आणि तार गुंडाळून सांधलेला. नळीच्या टोकाची माशी गावच्या कारागिराने नव्याने बसवलेली. शेजारी तशीच दुसरी बंदूक ठेवावी : संस्थानिकाच्या शस्त्रागारातील, चामडी पेटीतील, जवळजवळ न वापरलेली. बाजार दुसरीला डोक्यावर घेतो आणि पहिलीची गणना सुट्या भागांत करतो.

३/
हा निकाल कसा लागतो ते आधी नीट समजून घ्यावे. संग्राहक चार गोष्टी पाहतो : कारागीर कोण, अवस्था कशी, मूळ भाग किती शिल्लक आणि मालकी कोणाकोणाकडे होती. पर्डी (स्थापना १८१४), हॉलंड अँड हॉलंड (१८३५), वेस्टली रिचर्ड्स (१८१२) अशी नावे असली की भाव चढतो. नळी, पोलादी सांगाडा आणि पुढचा लाकडी भाग यांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळले की आणखी चढतो. जुन्या कारखान्यांच्या नोंदवह्यांत तो क्रमांक सापडला आणि त्यापुढे एखाद्या राजाचे नाव निघाले, तर मग विचारायलाच नको.

४/
यातील सर्वांत विश्वसनीय साक्षीदार म्हणजे चाचणीचे शिक्के. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळी जादा दारू भरून उडवून तपासली जाते आणि उत्तीर्ण झाली तरच तिच्यावर ठसा उमटतो. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे चाचणीघर १८१३ मध्ये कायद्याने उभे राहिले. १८९६ च्या नियमांनी धूरविरहित दारूसाठी वेगळी चाचणी आणली. त्यामुळे ठशांवरून नळीचा काळ ठरवता येतो आणि ती कोणत्या दारूसाठी तपासली गेली तेही कळते. ‘बारा बोअर’ हे नावही मोजमापच आहे : एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या, तर त्यातील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसते ती बारा बोअरची.

५/
आता रास्त कारणे. बहुतेक छऱ्यांच्या बंदुकांत नळी तोंडाशी किंचित आवळलेली असते. या आवळाला चोक म्हणतात आणि तो छरे लवकर फाकू देत नाही. नळी सहा इंच कापली की चोक कापलेल्या तुकड्यासोबत जातो. दुनळीच्या दोन्ही नळ्या तोंडाकडे एकमेकींना भेटत जातात. कापल्यावर त्यांच्यामध्ये फट उघडी पडते. आतून घासून रुंद केलेली नळी पातळ होते आणि चाचणीचा ठसा तिच्याविषयी यापुढे खरे बोलत नाही. काडतुसाचे घर लांबवले असेल, तर धोका वाढतो. ज्याला बंदूक चालवायची आहे त्याने या फेरफारांना घाबरलेच पाहिजे. इथपर्यंत बाजाराशी भांडण नाही.

६/
भांडण पुढे सुरू होते. ‘फेरफार म्हणजे मूल्यहानी’ हा नियम बाजार स्वतःच पाळत नाही. स्कॉटलंडचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले. पुढच्या काही दशकांत गारेच्या हजारो बंदुका बदलून केपच्या करण्यात आल्या. त्यानंतर खिळीच्या काडतुसांच्या बंदुका बदलून मध्यभागी पेटणाऱ्या काडतुसांच्या झाल्या. १८६६ पासून इंग्रजी सैन्याच्या ठासणीच्या एनफील्ड रायफली मागून भरण्याजोग्या केल्या गेल्या, त्याच स्नायडर-एनफील्ड. या सगळ्या फेरफार केलेल्या बंदुका आहेत. संग्राहक त्यांना ‘बिघडलेल्या’ म्हणत नाहीत. त्यांना ते ‘संक्रमणकालीन’ असे भारदस्त नाव देतात आणि त्यांची स्वतंत्र सूची करतात.

७/
हिंदुस्थानाशी थेट संबंध असलेले उदाहरण याहून बोलके आहे. १८५७ च्या उठावानंतर देशी पलटणींच्या हाती पीळदार नळीची एनफील्ड ठेवणे इंग्रजांना धोक्याचे वाटले. पीळ असलेल्या नळीतून गोळी फिरत सुटते, म्हणून ती दूरवर आणि नेमकी जाते. तेव्हा त्याच घाटाच्या, पण आतून गुळगुळीत आणि अधिक रुंद नळीच्या बंदुका देशी शिपायांसाठी काढण्यात आल्या. पल्ला मोजण्याची सरकती खूण काढून तिथे साधी स्थिर खूण बसवली गेली. बाहेरून एनफील्ड, आतून मुद्दाम पांगळी केलेली. अविश्वास नळीच्या आतल्या पृष्ठभागावर कोरला गेल्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

८/
ही परंपरा पुढेही चालली. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ३०३ च्या ली-एनफील्ड रायफली पोखरून .४१० बोअरच्या गुळगुळीत नळीच्या ‘मस्केट’ केल्या गेल्या. काडतुसांच्या पेटीची जागा लाकडी ठोकळ्याने बुजवली, म्हणजे एका वेळी एकच बार. हेतू असा की पोलीस वा तुरुंगरक्षक यांच्या हातातून हत्यार हिसकावले गेले, तरी ते सैन्याच्या रायफलीला तोंड देऊ शकू नये. पुढे त्यांतील काही अमेरिकेत विकल्या गेल्या. तिथल्या व्यापाऱ्यांनी त्या बाजारातल्या .४१० छऱ्यांच्या काडतुसासाठी पुन्हा बदलल्या. एकाच नळीवर दोन फेरफार झाले. आज संग्राहक पहिल्याला ‘मूळ’ म्हणतात, दुसऱ्याला ‘बिघाड’.

९/
या निवाड्याचे बीज काय? दोन्ही वेळा नळीला हत्यार लागले, दोन्ही वेळा आधीचे रूप गेले. फरक एवढाच की पहिल्या वेळी सरकारी कारखान्याचा ठसा उमटला. संग्राहकांचा खरा नियम असा आहे : कचेरीने केलेला बदल म्हणजे इतिहास, माणसाने केलेला बदल म्हणजे नासधूस. राणीच्या आज्ञेने पांगळी केलेली एनफील्ड काचेच्या कपाटात जाते. रानडुकरांपासून वरई वाचवण्यासाठी आखूड केलेली दुनळी भंगारात जाते. हा सौंदर्यदृष्टीचा प्रश्न नाही. कोणाच्या गरजेला इतिहास म्हणायचे, याचा हा निर्णय आहे, आणि तो लिलावाच्या टेबलावर घेतला जातो.

१०/
जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात हा प्रश्न अधिक टोकदार होतो. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. चौदाव्या शतकापासूनची राजवट, नऊ तोफांची सलामी, १९४८ मध्ये विलीनीकरण. शेजारचा मोखाडा मात्र ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात. एकच डोंगररांग, तेच वारली, महादेव कोळी, कोकणा, ठाकर, कातकरी. पण हद्दीच्या एका बाजूला राजाचा अंमल, दुसरीकडे कलेक्टरचा. बंदूक कोणाच्या हाती असावी याचे उत्तर या दोन बाजूंना एकाच कायद्यातून मिळत नव्हते. अशा सीमेवर सापडलेल्या बंदुकीवरची प्रत्येक खूण म्हणजे साक्ष. ती पुसून ‘मूळ अवस्था’ शोधणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बंद करणे.

११/
लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ मध्ये आलेल्या शस्त्रकायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील सामान्य माणसाला हत्यारासाठी परवाना सक्तीचा केला. युरोपीयांना मात्र सूट ठेवली. काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव होत राहिले. १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही आहे. म्हणजे ज्या काळात बंदूक ही गोऱ्या माणसाची आणि संस्थानिकाची खूण होती, त्या काळात शेतकऱ्याच्या घरातली बंदूक ही अपवादात्मक वस्तू होती. ती मोडली तर नवी घेणे सोपे नव्हते. तिला सांधणे हाच मार्ग होता. पितळी पत्र्याचा तो पट्टा या दुर्मीळतेतून आलेला आहे.

१२/
स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्रकायद्याचे कलम १३ या संदर्भात वाचण्यासारखे आहे. संरक्षणासाठी वा शिकारीसाठी २० इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, आणि पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांचा उल्लेख तिथे वेगळ्या सवलतीने येतो. नाचणी, वरई आणि भात पिकवणाऱ्या डोंगरी शेतकऱ्याची गरज कायद्याला ठाऊक होती. याच कायद्याचे कलम ६ परवान्याशिवाय नळी आखूड करण्यास मनाई करते. त्यामुळे नळीची लांबी हा केवळ कारागिरीचा तपशील राहत नाही. २४ इंची नळी कायद्याच्या एका बाजूला, १८ इंची दुसऱ्या बाजूला. कोणी किती कापले आणि कुठे थांबले, यात त्याच्या काळाचा कायदा आणि त्याची भीती दोन्ही दिसतात.

१३/
नळी कापण्यामागे उपयोगही असू शकतो. इंग्लंडमध्ये उघड्या माळावर उडणाऱ्या पक्ष्यांवर नेम धरण्यासाठी लांब नळी सोयीची. दाट सागाच्या जंगलात, करवंदीच्या जाळीतून वाकून जाताना वा शेतातल्या माळ्यावर रात्री बसून राहताना तीच अडचणीची. समोरचे जनावर जवळ असते, छरे लवकर फाकले तर बरेच. विशेष म्हणजे लंडनचे रॉबर्ट चर्चिल यांनी १९२० च्या दशकात २५ इंची नळ्यांच्या बंदुका गाजवल्या आणि श्रीमंत शिकाऱ्यांनी त्या मोठ्या किमतीला घेतल्या. आखूड नळी लंडनच्या दुकानात नवी कल्पना ठरते आणि सह्याद्रीच्या पाड्यावर अडाणीपणा. दुकानाची पाटी बदलली की गुणाचा दोष होतो, तो असा.

१४/
यावर पहिला आक्षेप येईल : मग काय, प्रत्येक मोडकी बंदूक ऐतिहासिक ठेवा मानायची? नाही. फेरफाराला मोल आहे, ते तो वाचता येतो तेव्हाच. त्यासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत. बदल केव्हा झाला? कोणत्या हत्यारांनी झाला? कोणत्या गरजेसाठी झाला? आणि बदल झाल्यानंतर वस्तू किती काळ वापरात राहिली? ज्या फेरफाराला यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, तो गप्प आहे आणि त्याच्यावर कथा रचणे ही इतिहासाशी बेइमानी. ज्याला दोन-तीन प्रश्नांची उत्तरे देता येतात, त्याला ‘बिघाड’ म्हणणे ही आळशी मनाची सोय.

१५/
यातला चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि त्याचे उत्तर वस्तूच देते. दुरुस्तीवर झीज आहे, की झिजेवर दुरुस्ती? पितळी पट्ट्याच्या कडा हाताच्या घर्षणाने गोल झाल्या असतील, लाकडावरचा तेलकट काळसरपणा पट्ट्यावरून अखंड पुढे गेला असेल, तर ती दुरुस्ती बंदुकीच्या आयुष्याचा भाग आहे. पट्टा झिजलेल्या लाकडावर स्वच्छ, तीक्ष्ण कडांनी बसला असेल, तर तो अलीकडचा. कापलेल्या तोंडावरचा गंज आणि बाकीच्या नळीवरचा गंज एकाच वयाचा दिसतो का? माशी बसवताना वापरलेला डाक आणि मूळ जोडांचा डाक सारखा आहे का? स्क्रूच्या खाचा किती वेळा फिरवल्या गेल्या? डोळा सरावला की हे सारे दिसते.

१६/
दुसरा साक्षीदार कागद आहे. परवान्याच्या वहीत बंदुकीचा प्रकार, बोअर आणि क्रमांक असतो, नूतनीकरणाच्या तारखा असतात, वारसाची नोंद असते. मराठीत ‘कलेक्टर’ म्हटले की जिल्ह्याचा अधिकारी आठवतो, वस्तू जमवणारा धनिक नव्हे. आणि या प्रकरणात तेच योग्य आहे. शेतकरी घरातील बंदुकीची कुळकथा लंडनच्या नोंदवहीत अर्धीच सापडते. उरलेली अर्धी कलेक्टर कचेरीच्या दप्तरात असते. संग्राहक पहिल्या अर्ध्यासाठी पैसे मोजून पत्रव्यवहार करतो, दुसऱ्या अर्ध्याकडे ढुंकूनही पाहत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा क्रम उलटा करायला हवा.

१७/
दुसरा आक्षेप फसवणुकीचा. फेरफाराला मोल दिले, तर उद्या बनावट पितळी पट्टे ठोकलेल्या ‘आदिवासी’ बंदुका विकायला येतील. शक्य आहे. पण आजची फसवणूक कुठे होते? ती ‘मूळ’पणाच्या नावाने होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना बंदुका आयात करणे जवळजवळ बंद झाले. तेव्हापासून देशात शिल्लक राहिलेल्या विलायती बंदुकांचे भाव त्यांच्या इंग्लंडमधल्या भावाशी नाते न ठेवता वाढले. अशा बाजारात जुनी झीज घासून काढणे, पुसट नक्षी पुन्हा कोरणे, नवी झिलई चढवणे, दस्त्यावर कुठले तरी राजचिन्ह बसवणे यांना मोह फार. हेही फेरफारच. पण त्यांना ‘पुनरुज्जीवन’ म्हणतात.

१८/
म्हणून फेरफारांचे खरे दोन वर्ग पाडावेत. एक, वापरासाठी केलेला. दुसरा, विक्रीसाठी केलेला. पहिला वस्तूच्या आयुष्यात भर घालतो, दुसरा तिचे आयुष्य पुसून टाकतो. नक्षीच्या कडा गुळगुळीत झालेल्या असताना पोलाद आरशासारखे काळे चमकत असेल, तर समजावे की पुसणारा हात फिरून गेला आहे. बाजार नेमका उलटा न्याय करतो : पहिल्यावर दंड, दुसऱ्याला, पकडले जाईपर्यंत, बक्षीस. ज्यांना इतिहासाची खरी चाड आहे त्यांनी नळी कापणाऱ्या शेतकऱ्यावर रागावण्याऐवजी नक्षी पुन्हा कोरणाऱ्या व्यापाऱ्यावर रागवावे.

१९/
किल्ल्यांच्या बाबतीत ही समज मराठी तरुणांना आधीपासून आहे, हेच नवल. पालघर जिल्ह्यातलाच वसईचा किल्ला घ्यावा. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली, नंतर ती इंग्रजांकडे गेली. किल्ल्यात पोर्तुगीज चर्चचे अवशेष आहेत आणि मराठ्यांनी बांधलेली देवळेही आहेत. कोणीही म्हणत नाही की मराठ्यांनी देवळे बांधल्याने किल्ल्याचे ‘मूळ’पण गेले. उलट त्या थरांसाठीच लोक तिथे जातात. दगडाच्या बाबतीत जे कळते, ते पोलादाच्या बाबतीत विसरायचे कारण काय?

२०/
आणखी जवळचे उदाहरण वारली चित्रांचे. लग्नाच्या वेळी कुडाच्या भिंतीवर, गेरूवर तांदळाच्या पिठाने स्त्रियांनी काढलेला चौक हे त्यांचे जुने रूप. १९७० च्या दशकात ती चित्रे कागदावर आणि कापडावर आली आणि जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे जगभर पोहोचली. भिंत सुटली, प्रसंग सुटला, काढणारे हातही बदलले. इतका मोठा फेरफार होऊनही कलाबाजाराने त्याला बिघाड म्हटले नाही, कारण तो फेरफार विकत घेण्याजोगा होता. त्याच भागातल्या माणसांनी आपल्या गरजेसाठी वस्तूत केलेला बदल मात्र विकता येत नाही, म्हणून तो अडाणी. हे दुटप्पीपण नजरेस आणून देणे हे इतिहास शिकणाऱ्यांचेच काम आहे.

२१/
तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी : किंमत ही किंमत असते, इतिहासाने तिच्यात नाक खुपसू नये. पण काय टिकणार आणि काय नष्ट होणार, हे किंमतच ठरवते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळ तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असे ठरले. वारसाने आलेल्याही त्यातच मोजल्या गेल्या. जादा बंदूक पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. तीन बंदुका असलेल्या घराने कोणती सोडली असेल? जिला ‘काही किंमत नाही’ असे सांगितले गेले तीच. जमा झालेले हत्यार पुढे मोडीतही जाऊ शकते. अशा प्रत्येक बंदुकीबरोबर एका गावाचा पुरावा जातो आणि त्याची नोंद कुठेही होत नाही.

२२/
कायदा इथे बाजाराहून उदार आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षे पूर्ण झालेल्या वस्तूकडे पाहताना गतकाळातील शास्त्र, कला, कारागिरी, चालीरीती वा राजकारण यांवर ती प्रकाश टाकते का, असे विचारतो. वस्तू ‘जशीच्या तशी’ राहिली पाहिजे अशी अट तो घालत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, कुलपे, भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू इतिहास म्हणून मांडलेल्या आहेत. कल्हई पुन्हा पुन्हा लागलेले भांडे खोटे ठरत नाही. सांधलेल्या दस्त्याची बंदूक त्याच कुळातली वस्तू आहे, फक्त तिचा धाक मोठा.

२३/
तो धाक विसरूनही चालणार नाही. जुनी बंदूक ही आधी बंदूक आहे. पुरातन घाटाच्या आणि दुरुस्तीनेही न चालणाऱ्या हत्याराला शस्त्रकायद्यात सूट आहे. केवळ ‘जुनी आहे’ म्हणून नाही. विनापरवाना बंदूक हाताळणे, ती चालते का ते पाहणे, तिच्यात आधुनिक काडतूस घालणे हे सर्व टाळावे; काळ्या दारूसाठी तपासलेली, आतून गंजलेली नळी फुटू शकते. कोणाच्या घरी कोणती बंदूक आहे हे गावाच्या नावासह जाहीर करणे हा त्या कुटुंबाशी केलेला द्रोह आहे. नोंद मालकाच्या संमतीने, परवाना समोर ठेवून, लांबी, ठसे, क्रमांक, सांधे आणि झीज यांचे मोजमाप व छायाचित्रे घेऊन करावी. घासू नये, तेल चोळू नये, तार सोडवू नये.

२४/
आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे : नळी कोणी कापली, का कापली, दस्ता केव्हा मोडला, सांधणारा कारागीर कोणत्या गावचा. शक्यता अशी की उत्तर देऊ शकणारी शेवटची पिढी आज हयात आहे. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने निर्बंध आल्यानंतर ही बंदूक बहुतेक वेळ कोपऱ्यात उभी आहे आणि तिच्याविषयी बोलण्याचे निमित्तही कमी झाले आहे. विलायती कारखान्याचा क्रमांक आणखी पन्नास वर्षांनीही शोधता येईल. वांगणीच्या घरातली आठवण तेव्हा नसेल.

२५/
तेव्हा पुढच्या वेळी कोणी कापलेल्या नळीकडे पाहून ‘ही मूळ राहिलेली नाही’ म्हणेल, तर ते मान्य करून पुढचा प्रश्न विचारावा : ठीक, मग ती काय झाली? बर्मिंगहॅममध्ये ती विकण्यासाठी घडवलेला माल होती. जव्हारच्या डोंगरात कोणी तरी तिला पुन्हा घडवले, आपल्या शेताच्या आणि आपल्या अंतराच्या मापाने. व्यापाऱ्याने तिला कमी भाव द्यावा, तो त्याचा हक्क. इतिहासकाराने मात्र तिची नोंद लिहिताना दोन कारागीर लिहावेत, दोन गावे लिहावीत आणि दोन तारखा शोधाव्यात. दुसरी तारीख सापडायला जास्त दिवस लागतील.